मोझेकवर व्हिट्रिफाइड, कडाप्प्याच्या ओट्यावर टाइल : स्वतः बसवायचं तर हिशेब कसा?

सांडशी
स्वयंपाकघर ८ बाय १० फूट, तिसरा मजला, जुनी मोझेक फरशी. १० फुटी भिंतीला लागून २ फूट खोल कडाप्प्याचा ओटा, खाली उभ्या कडाप्प्यांवर टेकलेला. दरवाजा ८ फुटी भिंतीत, आत उघडणारा. फरशी न फोडता वरून २ बाय २ ची मॅट व्हिट्रिफाइड टाइल, ओट्यावर २ बाय ४ आणि वर दोन फूट डॅडो (ओट्यामागच्या भिंतीवरची टाइल) असा विचार आहे. हे सगळं गवंड्याविना, शनिवार-रविवारी करायचं आहे.
१) जुन्या फरशीवर बसवलेली टाइल टिकते का?
२) वजनाचं काय? सोसायटीत तोच आक्षेप निघणार.
३) सामान किती लागेल?
४) ओट्यावर टाइल हा वेडेपणा आहे का?

ओळंबा
टिकते, पण खालची फरशी टिकलेली असेल तरच. म्हणून पहिलं काम ठोकून बघण्याचं. लाकडी दांडकं किंवा पाच रुपयांचं नाणं घ्या आणि प्रत्येक मोझेक टाइल चार कोपरे आणि मध्य अशी पाच ठिकाणी वाजवा. बद्द वाजली की खडूने फुली मारा. फुल्या एकूण टाइल्सच्या दहाव्या भागापर्यंत असतील तर तेवढ्या टाइल्स उचकटा, खालची माती-चुरा साफ करा आणि १:४ सिमेंट-वाळूच्या मालाने खड्डे आजूबाजूच्या पातळीला आणा. हे भरलेले तुकडे सुकायला आठवडाभर तरी द्या. फुल्या याहून बऱ्याच जास्त निघाल्या तर वरून बसवायचा विषय सोडून द्या आणि फोडा.

दुसरी परीक्षा पाण्याची. मोझेक सिमेंटचं असतं, पण वर्षानुवर्षांचं पॉलिश, मेण आणि फोडणीचं तेल त्याच्या अंगात मुरलेलं असतं. दहा-बारा ठिकाणी पाण्याचा थेंब टाका. दोन-तीन मिनिटांत थेंब मुरला आणि डाग गडद झाला तर ॲडहेसिव्ह (टाइल चिकटवायची पोत्यात मिळणारी पावडर) धरेल. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर धरणार नाही. मग ग्राइंडरला डायमंड कप व्हील लावून वरचा अर्धा-एक मिलिमीटर घासायचा आणि पुन्हा थेंब टाकायचा. ओट्याच्या पुढचा दोन फुटांचा पट्टा दोनदा घासावा लागेल असं धरून चाला.

छिन्नीने टाचे (पकडीसाठी बारीक खाचा) मारू नका. छिन्नीच्या दणक्याने घट्ट बसलेल्या टाइल्सही सुटतात. ॲसिडनेही धुऊ नका. ते सिमेंट खातं, वरचा थर भुसभुशीत करतं आणि तेल तसंच ठेवतं. गरम पाणी, भांड्यांचा साबण, ताठ ब्रश, मग दोनदा साध्या पाण्याने पुसणं, एवढं पुरतं.

साधी_पट्टी
वजनाचा हिशेब देतो, सोसायटीला तोच दाखवा. ९ मिमी व्हिट्रिफाइड टाइल चौरस मीटरला साधारण २० किलो, ॲडहेसिव्ह सात-साडेसात किलो. म्हणजे २७-२८ किलो. तुमची खोली ७.४ चौ.मी., तेव्हा एकूण भर दोनशे किलोंच्या आसपास आणि तीही सगळीकडे पसरलेली. भारतीय मानकानुसार (आयएस ८७५, भाग २) राहत्या खोलीत वापराचा भार चौ.मी.ला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो धरतात. त्यापुढे २८ म्हणजे नगण्य नव्हे, पण एका थराला हरकत नसावी. मात्र मोझेकवर आधीच एक थर चढवलेला असेल तर दुसरा नको. स्लॅबला खालून तडे असतील, सळ्या दिसत असतील, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. मग टाइलचं बघू.

उलट बाजूही सांगा. मोझेक आणि खालचा दोन इंची माल फोडला तर याच खोलीतून टनभर राडारोडा निघतो, आणि तो जिन्याने खाली जातो.

थापी_आणि_रंधा
हल्ली जो तो ॲडहेसिव्हच्या नावाने 'केमिकल, केमिकल' करतो. सिमेंटच्या मालात बसवलेल्या शहाबादी आणि कोटा पन्नास-पन्नास वर्षं हललेल्या नाहीत. स्लरी (सिमेंटचं पातळ कालवण) नीट घातली तर व्हिट्रिफाइडही हलत नाही.

ओळंबा
काका, शहाबादी आणि कोट्याबद्दल शंभर टक्के मान्य. त्यांना सिमेंटचा मालच हवा. दगडाची पाठ खरखरीत असते, थोडं पाणी पिते, आणि सिमेंट त्या छिद्रांत शिरून धरतं. व्हिट्रिफाइड अर्धा टक्कादेखील पाणी शोषत नाही. स्लरीला शिरायला जागाच नसल्यामुळे ती पाठीवर नुसती वाळते. वर सिमेंट सुकताना आकसतं. सुरुवातीला सगळं ठीक वाटतं, मग एक एक टाइल बद्द वाजायला लागते. शिवाय इथे मोझेकवर बसवायचंय. दोन इंचांचा माल घातला तर फरशी दरवाजाच्या चौकटीत किती वर येईल ते मोजा. ॲडहेसिव्हवर सगळं मिळून १३-१४ मिमी वाढतात.

पोत्यावर आयएस १५४७७ आणि टाइप बघून घ्या. टाइप १ साध्या सिरॅमिकसाठी, ते इथे चालणार नाही. जुन्या फरशीवर नवी टाइल म्हटल्यावर टाइप ३ च्या खाली जाऊ नका. रॉफ, लॅटिक्रीट, वेबर, अल्ट्राटेक, ज्याचं ताजं पोतं मिळेल त्याचं घ्या. पोत्यावरची तारीख ब्रँडहून महत्त्वाची. पावसाळ्यात दुकानात पडून गोळे झालेलं पोतं फुकट दिलं तरी नको.

सुतारपक्षी
मांडणीबद्दल कोणीच बोललं नाही, आणि नवशिक्याची फजिती तिथेच होते. दुकानदार जिला '२ बाय २' म्हणतो ती टाइल ६०० मिमी असते. दोन फूट म्हणजे ६१०. दर टाइलला दहा मिमी कमी पडतात. १० फुटांत पाच टाइल्स बरोबर बसतील असं वाटतं, पण ३०४८ मिमीमध्ये ५ टाइल्स आणि ३ मिमीचे ४ सांधे मिळून ३०१२ होतात. उरले ३६ मिमी. एका बाजूने पूर्ण टाइल लावत गेलात तर शेवटी दीड इंचाची चिंधी कापावी लागते. ती नीट कापलीही जात नाही आणि दिसतेही वाईट.

तुमच्या खोलीसाठी असं करा. १० फुटांच्या दिशेने मध्ये चार पूर्ण आणि दोन्ही टोकांना ३१० मिमीचे तुकडे. (३०४८ मधून दोन्ही भिंतींशी ६-६ मिमी सोडले, पाच सांध्यांचे १५ वजा केले, चार टाइल्सचे २४०० वजा केले, उरलेल्या ६२१ चे दोन भाग.) ८ फुटांच्या दिशेने ओट्यासमोरच्या भिंतीपासून पूर्ण टाइलने सुरू करा. तीन रांगा ओट्याच्या तोंडाशी येऊन थांबतात, चौथी ओट्याखाली जाते. ती उभ्या कडाप्प्यांच्या खणांत तुकडे करून बसेल. मागे उरणारी बोटभर फट, भिंतीशी ६ मिमी मोकळे ठेवून, मालाने भरून टाका. सिलिंडरच्या मागे कोण वाकून बघतंय!

चार रांगा गुणिले सहा, म्हणजे २४ टाइल्स. ६०० बाय ६०० च्या खोक्यात ४ येतात, म्हणजे ६ खोकी, आणि एक जास्तीचं. काठाच्या आठ टाइल्स कापून उरणारे २८५-२९० मिमीचे तुकडे फेकू नका. प्रत्येकातून १०० मिमीच्या दोन पट्ट्या निघतात आणि स्कर्टिंग (भिंतीच्या पायाची पट्टी) तेवढ्यात भागतं.

हे सगळं तुमचे भिंती-कोपरे सरळ आहेत असं धरून. ते नसतात. दोन्ही दिशांना तीन-तीन ठिकाणी मिलिमीटरमध्ये मोजा. गुण्या लहान पडतो, म्हणून काटकोन ३-४-५ ने काढा: एका रेषेवर ९०० मिमी, दुसरीवर १२००, कर्ण बरोबर १५०० आला पाहिजे. रंगीत दोरीने रेघा मारा आणि चिकटवण्याआधी एक उभी, एक आडवी रांग कोरडी मांडून बघा.

साधी_पट्टी
खोकी घेताना प्रत्येकावरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे का ते स्वतः वाचा. मोरबीहून एकाच नावाचा माल दोन भट्ट्यांतून आला की रंगात किंचित आणि मापात अर्धा-एक मिमी फरक पडतो. रंग एक वेळ खपतो. मापातला फरक चौथ्या रांगेला सांध्यात दिसतो.

सांडशी
भिंतीशी ६ मिमी मोकळे का सोडायचे? दुकानदार म्हणाला पेपर जॉइंट द्या (टाइलला टाइल जवळजवळ टेकवून), सांधा दिसतच नाही.

ओळंबा
पेपर जॉइंट देऊ नका. आणि भिंतीशी फट अजिबात विसरू नका. उन्हाने टाइल थोडी फुगते, स्लॅब थोडा आकसतो. टाइल्स एकमेकींना आणि भिंतीला टेकलेल्या असल्या की दाब साठत जातो. मग एखाद्या दिवशी दोन टाइल्स तंबूसारख्या वर उचलल्या जातात, फटाका फुटल्यासारखा आवाज होतो आणि घरात सगळ्यांना भूकंप झाल्यासारखं वाटतं. ३ मिमीचा सांधा आणि काठाला ५-६ मिमी मोकळी फट ठेवली की हे टळतं. ती फट मालाने भरायची नाही. स्कर्टिंगची जाडी १२-१३ मिमी होते, फट तिच्याखाली झाकली जाते.

रबरी_हातोडा
आता प्रत्यक्ष चिकटवणं. क्रमाने सांगतो.

पातळी : दोन मीटरची ॲल्युमिनियम पट्टी सगळ्या दिशांनी फिरवा. पट्टीखाली ३ मिमीहून जास्त उजेड दिसला तर ते खड्डे आदल्या दिवशी ॲडहेसिव्हनेच भरून घ्या. टाइल बसवताना खाली जास्त थापून पातळी काढायला गेलात तर जाड थर सुकताना टाइलला खाली ओढतो.

कालवणं : आधी बादलीत पाणी, मग पावडर. २० किलोच्या पोत्याला साधारण पाच लिटर, नेमका आकडा पोत्यावर असतो. एका वेळी पाव पोतंच कालवा. ड्रिलला मिक्सरची दांडी लावून सावकाश फिरवा, जोरात फिरवलं की हवा भरते. पाच मिनिटं ठेवा, पुन्हा एकदा फिरवा. थापीवर उलटं धरल्यावर घसरू नये इतपत घट्ट. बादलीत घट्ट व्हायला लागलं की वर पाणी ओतायचा मोह होतो. तो माल फेकायचा.

लावणं : टाइलची पाठ ओल्या स्पंजने पुसा. तिच्यावरची पांढरी भुकटी भट्टीतली असते, तिच्यावर काही चिकटत नाही. जमिनीवर आधी थापीच्या सपाट बाजूने पातळ थर दाबून घासा, मग ८ मिमी दात्यांच्या थापीने एकाच दिशेने सरळ रेघा ओढा. गोल-गोल नक्षी काढू नका, मध्ये हवा कोंडते. टाइलच्या पाठीवरही एक मिमीचा थर पुसा. टाइल ठेवून रेघांना आडवी अशी पुढे-मागे बोटभर सरकवा आणि रबरी हातोड्याने मधून काठाकडे ठोका.

तपासणी : पहिल्या तीन टाइल्स बसवल्याबरोबर त्यातली एक उचला. पाठीला कोरड्या जागेत किमान ८० टक्के, ओल्या जागेत ९५ टक्के माल लागलेला दिसला पाहिजे. सिंकसमोरची जागा ओलीच धरा. रेघा तशाच उभ्या दिसत असतील तर दाब कमी पडला किंवा वरून साय धरली. पंखा बंद ठेवा. मे महिन्यात उघड्या मालावर दहा-बारा मिनिटांत साय येते. बोट लावून बघा, बोटाला चिकटला नाही तर खरवडून काढा.

चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे गोळे ठेवून टाइल दाबणारे बरेच दिसतात. भरलेला सिलिंडर तीस किलोंच्या घरात जातो. तो अशा पोकळ कोपऱ्यावर आपटला की कोपरा तुटलाच.

लेव्हलिंग क्लिप : एका बाजूला दोन, कोपऱ्यापासून चार-पाच बोटं आत. एवढ्या कामाला सव्वाशे घ्या, वेज (क्लिपमध्ये सारायच्या पाचरी) परत वापरता येतात. दुसऱ्या दिवशी सांध्याच्या दिशेने लाथ मारून तोडायच्या, आडव्या मारल्या तर टाइलची कड उडते. क्लिप पातळी काढून देत नाही. शेजारच्या दोन कडा सारख्या धरते, एवढंच.

परसबाग_एनजे
अमेरिकेतल्या लाकडी घरांत हे करणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. तिथे जमीन प्लायवुडची, ती लवचीक. आधी ती टाइलसाठी पुरेशी ताठ आहे का बघायचं, जॉइस्टचं (खालच्या लाकडी तुळयांचं) वाकणं लांबीच्या ३६० व्या भागाहून कमी हवं. प्लायवर थेट टाइल नाही. मध्ये पाव इंची सिमेंट बोर्ड, त्याच्याखाली थिनसेटचा (तिकडच्या सिमेंटच्या टाइल ॲडहेसिव्हचा) थर आणि दर ८ इंचांवर स्क्रू, बोर्डांच्या सांध्यांवर अल्कलीरोधक जाळीची टेप. किंवा बोर्डऐवजी डिट्रासारखं नारिंगी मेम्ब्रेन (प्लास्टिकचं अस्तर). नुसते स्क्रू मारून खाली थिनसेट न घातलेला बोर्ड पावलागणिक दबतो, मग ग्राउट (सांध्यांत भरायचा माल) पावडर होऊन निघतं.

ओळंबा
उपयुक्त. मूळ धाग्यातल्यांनी मात्र यातलं काही आपल्या आरसीसी स्लॅबवर करू नये. तिथे सिमेंट बोर्ड म्हणजे नुसता खर्च आणि उंची.

सुतारपक्षी
कापण्याबद्दल. सरळ कापांना रेल कटर भाड्याने आणा. एकदाच, न थांबता रेघ ओढायची आणि दाबायचं. दोनदा ओढलेली रेघ वेडीवाकडी फुटते. खाच, गोल, एल आकार यांना ४ इंची ग्राइंडर आणि सलग कडेचं डायमंड ब्लेड. एल कापताना आतल्या कोपऱ्यात आधी ८ मिमीचं भोक पाडा आणि काप त्या भोकापर्यंत आणून थांबवा. टोकदार आतला कोपरा राहिला तर तडा तिथूनच निघतो, कधी कापतानाच, कधी दोन महिन्यांनी. सिंकच्या खाचेला चारही कोपऱ्यांत हेच.

टाइलची धूळ म्हणजे सिलिका. रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क आणि डोळ्यांवर चष्मा. काम बाल्कनीत. पाणी शिंपडत कापणार असाल तर ग्राइंडर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) चालवा.

दरवाजा आधी काढून ठेवा. फरशी झाल्यावर खालून १५ मिमी तासायला लागेल. आत उघडतो म्हणालात, म्हणजे विसरलात तर तो उघडणारच नाही. बाहेरच्या खोलीशी पडणारी पायरी उतरत्या कडेच्या ग्रॅनाइट पट्टीने मारा.

फोडणी_कमी
ओट्याचा प्रश्न सगळ्यांनी टाळलाय. माझं मत : दहा फूट ओट्याला ग्रॅनाइट उत्तम. एकसंध, सांधा नाही, आदळआपट सोसतो. पण जुना कडाप्पा पक्का असेल, खाली ट्रॉल्या बसवलेल्या असतील आणि काही काढायचं नसेल तर टाइल हा वेडेपणा नाही.

आधी ओटा हलतो का बघा. दोन उभ्या कडाप्प्यांच्या मध्ये हाताने जोर देऊन दाबा, काठावर वाटीभर पाणी ठेवा. पाणी थरथरलं तर खाली आणखी एक आधार द्या. कडाप्पा गुळगुळीत असतो, तो कप व्हीलने पूर्ण मॅट होईपर्यंत घासा, पुसा आणि मगच माल.

६०० बाय १२०० ची टाइल लांबीत घेतली की दहा फुटांत दोनच सांधे येतात. ते सिंक आणि शेगडी यांच्यापासून दूर पाडा. ओटा ६१० मिमी खोल, टाइल ६००, म्हणजे मागे १० मिमी उघडे राहतात. म्हणून ओटा आधी, डॅडो नंतर. जुन्या डॅडोवर नवी टाइल १२-१३ मिमी पुढे येते आणि ती फट झाकते. डॅडो ओट्यावर टेकवू नका, ३ मिमी वर ठेवा. त्या सांध्यात ग्राउट नाही, बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन. ओटा आणि भिंत वेगवेगळ्या हलतात, ग्राउट तिथे महिन्या-दोन महिन्यांत भेगाळतं आणि भांड्यांचं पाणी मागून ट्रॉल्यांत उतरतं.

पुढच्या काठाला ४५ अंशात कापून जोडलेली कड सुंदर दिसते, पण कुकर लागला की टवका उडतो. स्टीलची एल पट्टी किंवा ग्रॅनाइटची उभी पट्टी लावा. ग्रॅनाइट पट्टी ओट्याच्या खाली बोटभर उतरवून तिच्या खालच्या बाजूला ब्लेडने एक बारीक खाच मारा. ओघळ खाचेशी तुटून खाली पडतो, ट्रॉलीच्या दारावर जात नाही.

सांडशी
ग्राउट कोणतं? आणि किती?

रबरी_हातोडा
ओट्यावर इपॉक्सीच, दुसरं काही नको. सिमेंटच्या ग्राउटला हळद एका दिवसात पिवळं करते आणि ते परत पांढरं होत नाही. जमिनीवर पॉलिमरवालं सिमेंट ग्राउट चालेल, पण एवढीशी खोली, तिथेही इपॉक्सी घ्या. पांढरं सिमेंट आणि रंगाची पुडी हा जुना प्रकार ३ मिमीच्या सांध्यात भेगाळतो.

हिशेब : टाइलची लांबी अधिक रुंदी, भागिले लांबी गुणिले रुंदी, गुणिले जाडी, गुणिले सांधा (सगळं मिमीत), गुणिले १.७. उत्तर किलो प्रति चौ.मी. ६०० च्या ९ मिमी टाइलला ३ मिमी सांध्यात ०.१५ येतं, म्हणजे जमिनीला सव्वा किलोसुद्धा नाही. ओटा-डॅडो धरून दोन किलो. ॲडहेसिव्ह मिमी-जाडीला चौ.मी.मागे दीड किलो. खाली ४ मिमी, पाठीवर १, म्हणजे साडेसात किलो. जमीन, ओटा, डॅडो मिळून ११ चौ.मी. होतात. पाच पोती आणा.

इपॉक्सी एका वेळी पाव किलोच कालवा, रेझिन-हार्डनर-फिलरचं प्रमाण काट्यावर मोजून. अंदाजाने कालवलेलं कधीच सुकत नाही, चिकट राहतं. रबरी थापीने सांध्याला तिरकं ओढून दाबा. अर्ध्या तासाच्या आत कोमट पाणी, दोन थेंब साबण आणि पांढऱ्या पॅडने पुसा, मग स्वच्छ स्पंज. मॅट टाइलवर राहिलेला पातळ थर दुसऱ्या दिवशी निघत नाही, म्हणून एक माणूस भरायला आणि एक पुसायला, असे दोघं हवेत.

थापी_आणि_रंधा
कोकणात तळमजल्यावर जुन्या कोब्यावर कोणी हेच करणार असेल तर थांबा. जमिनीतून ओल वर येत असेल तर टाइल ती अडवत नाही. सांध्यांतून पांढरा लोणा बाहेर येत राहील, मग कितीही केमिकल लावा.

ओळंबा
काका, हे आम्ही सगळेच विसरलो होतो. प्लास्टिकचा एक मीटरचा तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा टेपने बंद करायच्या आणि २४ तासांनी उघडायचा. खाली पाणी साचलं किंवा कोबा काळपट दिसला तर आधी ओलीचा बंदोबस्त.

सांडशी
शेवटचं. स्वयंपाकघर किती दिवस बंद?

रबरी_हातोडा
पहिला शनिवार-रविवार ठोकणं, घासणं, खड्डे. आठवडा मध्ये. दुसऱ्या शनिवारी ओट्यासमोरच्या भिंतीपासून सुरुवात करून दरवाजाकडे मागे सरकत तीन रांगा. रविवारी त्यांच्यावर फळी टाकून ओट्याखालची रांग आणि ओटा. तिसऱ्या शनिवारी डॅडो, स्कर्टिंग, रविवारी ग्राउट. सिलिकॉन सगळ्यात शेवटी आणि सांधे पूर्ण कोरडे असताना. टाइलवर २४ तास पाय नाही, फ्रिज आणि भरलेला सिलिंडर सात दिवस नाही. फ्रिज परत आणताना खाली प्लाय घालून सरकवा, त्याचे पाय मॅट टाइलवर काळी रेघ ओढतात.